पाणी पाजलेला ऊस

रतिलालला बसलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे त्याची मोटारसायकल सकाळी कधी सुरू झाली आणि काही विसरलं म्हणून कोपऱ्यावरून कधी परत आली, हे मला घरात बसून कळतं. चहा तो उभ्यानेच पितो. जेवताना एक गुडघा वर असतो, कुणी हाक मारली तर उठायला सोपं जावं म्हणून. लग्नाच्या पंगतीत तो कधी बसत नाही, वाढायला घेतो. माझे यजमान म्हणायचे, "या माणसाला घडवताना देव खुर्चीचं माप घ्यायचं विसरला."

यजमान साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. रतिलाल तिथे शेतकी खात्यात लागला तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. शेतकऱ्यांना ऊसतोडीच्या चिठ्ठ्या नेऊन देणाऱ्या पोराला तेव्हा स्लिपबॉय म्हणत. पुढे त्याला बढती मिळाली, केस पांढरे झाले, मुलगी लग्न होऊन बारडोलीला गेली, तरी तापीकाठच्या गावांमध्ये तो अजून रतिलाल स्लिपबॉयच आहे. "काकू, मी आते आजोबा व्हई गऊ, तरी हाई लोके माले बॉय म्हणतस," असं तो कुरकुरतो. पण कुणी रतिलालशेठ म्हटलं, तर मागे वळूनही बघत नाही.

त्याचं काम म्हणजे उभ्या उसाची गोडी मोजणं. हंगाम सुरू होण्याआधी तो शेतोशेत फिरतो. उसाच्या कांडीला भोक पाडतो, रसाचा एक थेंब हातातल्या दुर्बिणीसारख्या यंत्राच्या काचेवर घेतो, उजेडाकडे तोंड करून एक डोळा मिटतो आणि आकडा सांगतो. आकडा वर असेल तर ऊस पिकला, तोड लवकर मिळणार. खाली असेल तर थांबा. या आकड्यासाठी लोक काय काय करतात! लवकर तोड हवी असली, की आधी पाणी तोडतात. ऊस तहानला, की रस दाट होतो. तोड ठरली, की वजन वाढावं म्हणून काही जण रातोरात पाणी सोडतात, आणि मग रस पातळ होतो. रतिलाल शेतात शिरला, की यंत्र काढायच्या आधी वाकून मातीचं ढेकूळ उचलतो आणि चुरडून बघतो. त्याला फसवणं अवघड. हे त्याला माझ्या यजमानांनीच शिकवलं होतं. "पाणी पाजलेल्या उसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस," हे त्यांचं वाक्य तो अजून जसंच्या तसं म्हणून दाखवतो.

आता त्याच्या वडिलांबद्दल सांगायला हवं, म्हणजे पुढचं समजेल. प्रेमचंद आबा केळीचे मोठे बागायतदार होते. माणूस रतिलालसारखाच, भिंगरी. त्यांना साखर होती, पण ती कुणाला माहीत नव्हती, त्यांना तर नव्हतीच. एकदा टाचेला काटा लागला. पाय काळा पडेपर्यंत त्यांनी तो कुणाला दाखवला नाही. सुरतेला नेलं, तेव्हा गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. त्यानंतर आबा दाराशी खाटेवर बसून असायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "कोठे जाई ऱ्हायना?" सगळ्यांचं उत्तर ऐकून घ्यायचे. आबा गेल्यावर ती खाट रतिलालने स्वतः उचलून गोठ्यात नेऊन टाकली. घरात सुरतेचं नाव काढलं, तरी तो उठून बाहेर जातो.

गेल्या सप्टेंबरात गावची आशा सेविका स्वप्नाली उपकेंद्राचा निरोप घेऊन आली. गावातल्या तीस वर्षांवरच्या सगळ्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी होणार होती. उपकेंद्राचं रंगकाम चालू होतं, म्हणून त्यांना माझा ओटा हवा होता. मी हो म्हटलं. तिची पाठ वळली नाही तोच मागच्या दाराने मोहिनी आली, रतिलालची बायको. तिने आधी दार लोटून घेतलं.

"काकू, त्यासले कायबी करीसन बसाडा तठे. मन्हं ऐकतस नहीत."

"काय होतंय त्याला?"

"पाणी पी पी माठ रिकामा करतस. धड झोप नही, ना त्यासले ना माले. कंबरना पट्टाले दोन नवा भोक पाडात. जेवतस ते पहिलानागतच, पण आंग कोठे जाई ऱ्हायनं?" तिने लोटलेल्या दाराकडे एकदा बघितलं. "आबासनं बी आसंच चालू व्हयेल व्हतं, काकू. मी नवीनच उनथू या घरम्हा. मी दखेल शे."

मी संध्याकाळी रतिलालला हाक मारली. तो ओट्याच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला, दुसरा पाय रस्त्यावरच.

"रतिलाल, गुरुवारी सकाळी इथे यायचं."

"काकू, माले काय व्हयेल शे? बठा गाव आडवा पडी जाई तरी मी उभा ऱ्हासू."

"आजारी माणसांसाठी नाही रे हे. ज्यांना काही झालेलं नाही त्यांनाच तपासायचं आहे. मीसुद्धा बोट टोचून घेणार आहे."

"मंग तुम्ही घ्या. मन्हं उसना सर्वे चालू शे."

"का टाळतोयस ते मला ठाऊक आहे."

पायरीवरचा पाय त्याने खाली घेतला, परत वर ठेवला. मग म्हणाला, "साखर निंघनी ना काकू, ते साहेब माले फिरतीवर ऱ्हाऊ देवाव नही. काट्यावर बसाडी देतीन. खुर्ची. सकायपासून संध्याकायलोंग खुर्ची." काटा म्हणजे कारखान्याचा वजनकाटा, जिथे उसाच्या गाड्या तोलल्या जातात. "बसा ना मी, ते आबासनागत व्हई जासू."

"आबा बसले म्हणून त्यांचा पाय गेला नाही. पाय गेला म्हणून ते बसले."

हे वाक्य त्याला लागलं असावं. "दखसू," म्हणाला, आणि गाडीला किक मारून निघून गेला. त्याचं हे 'दखसू' म्हणजे 'नाही' की 'हो', याचा विचार करत मी बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घातल्या. त्याच्या काळजीने मलाही बसवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ओट्यावर गर्दी झाली. उपकेंद्रातला आरोग्य अधिकारी हेमकांत, धडगावकडचा शांत मुलगा, टेबल मांडून बसला होता. स्वप्नाली प्रत्येकाला वय, तंबाखू, घरात कुणाला साखर आहे का, हे विचारून टेपने कंबर मोजत होती. कंबर मोजताना बायका पोट आत ओढत होत्या, आणि ती म्हणत होती, "मावशी, सास सोडा, नही ते टेप खोटं बोली." बोट टोचायला मी पहिली बसले. माझं व्यवस्थित निघालं, याचा मला जरा अभिमान वाटला आणि लगेच त्या अभिमानाची लाजही वाटली.

रतिलाल आला, पण रांगेत उभा राहीना. "दोन मिनिटम्हा येस," म्हणे आणि अंगणातल्या नळाशी जाई. माझा पितळी तांब्या भरून गटागटा पाणी पिई, तोंड पुसे, रांगेत आपली जागा बघून जाई, परत नळाकडे. मला वाटलं, बिचाऱ्याला तहान लागली आहे. मोहिनी दाराआडून बघत होती, तिलाही तसंच वाटलं. खरं काय चाललं आहे ते गावात एकालाच कळलं. तो म्हणजे छगन. ऊसवाला. पूर्वी एकदा तोडीआधी पाणी सोडल्याबद्दल रतिलालने त्याच्या उसाची तोड मागे टाकली होती, आणि त्या दोघांची तेव्हापासूनची खणाखणी गावाला पाठ आहे.

छगनने रांगेतूनच हाक दिली, "काय वो स्लिपबॉय! तपासनीना आगोदर पाणी सोडी ऱ्हायनात का?"

ओटा हसला. रतिलालने तांब्या खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले.

"मन्हा ऊसले ते यानाकरताच मांगे टाकं व्हतं तुम्ही," छगन थांबेना. "आते डाक्टरसाहेब, यास्नी माती तपासा आधी! वली लागी!"

"तू तुन्हं पोट मोजी ले छगन. टेप पुरी का, ते दख!"

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाणी प्यायला की रक्त पातळ होईल, साखरेचा आकडा खाली येईल, असा त्याचा हिशोब होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात जी लबाडी त्याने पकडली, ती तो स्वतःच्या अंगावर करत होता. मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण एवढा खटाटोप माणूस कशासाठी करतो? आपल्यात साखर आहे हे त्याला आतून माहीत होतं.

हेमकांतने त्याला बसायला स्टूल दिलं. त्याने उभ्यानेच बोट पुढे केलं. थेंब पट्टीवर चढला. मशीनने जरा वेळ घेतला.

"तीनशे अठरा."

"मशीन चुकनं," रतिलाल म्हणाला. "दुसरं बोट ले."

दुसरं बोट. हेमकांतने नवी पट्टी लावली. आकडा थोडा वरच निघाला.

मला वाटलं, आता तो भांडेल, मशीनला शिव्या देईल आणि गाडी काढेल. पण तो मशीनच्या काचेकडे नुसता बघत राहिला, एक डोळा मिटून, जसा शेतात बघतो तसा.

"हेमकांत," तो हळू आवाजात म्हणाला, "हाऊ पाणी पाजेल उसना आकडा शे."

"म्हणजे?"

"मी सकायपासून तांब्यावर तांब्या पेयेल शे. इतलं पाणी पीसनबी हाऊ आकडा. मंग कोरडा ऱ्हातू, ते कितला निंघता?"

"दादा, पाण्याने त्यात काही फरक पडत नाही. जेवण झालंय का तुमचं? उद्या उपाशीपोटी ग्रामीण रुग्णालयात परत..."

"तुम्हले काय माहीत? जनम गया मन्हा हाई कामम्हा!" तो ओरडला. मग सगळे बघताहेत हे लक्षात येऊन थांबला. छगनसुद्धा हसायचा थांबला होता. "खरा आकडा दुप्पट व्हई," रतिलाल स्वतःशीच म्हणाला. "दुप्पट. जास्तीच."

हेमकांत म्हणाला, "जरा बूट काढा, पाय बघू द्या." पण तोवर रतिलाल पायऱ्या उतरून गेला होता. गाडी सुरू झाली, आणि कोपऱ्यावरून ती परत आली नाही.

तो दिवस कसा गेला ते मी सांगू शकत नाही. मोहिनी माझ्या स्वयंपाकघरात आली, भाजी निवडायला बसली, देठ ठेवून पानं टाकून दिली. फोन लावला, तर तो त्यांच्याच घरात वाजत होता. मी स्वप्नालीला विचारलं, तिने दूध डेअरीवर विचारलं. कुणी त्याला कोरीटच्या रस्त्याला पाहिलं होतं, कुणी शहाद्याच्या एसटी स्टँडवर, रसवंतीसमोर नुसता उभा. मी दोनदा तापीच्या पुलाकडे चालत गेले आणि दोनदा परत आले. तिथे काय बघायला गेले होते, ते मला कबूल करायचं नव्हतं.

ऊन कलल्यावर गाडीचा आवाज आला. तो घरी गेला नाही, माझ्या ओट्यावर आला, आणि बसला. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, पाठ भिंतीला लावून बसला. ते पाहूनच मी घाबरले.

"काकू, खरं सांगा. तुम्हना साहेब आसतात ते तेस्ले इचारतू. खरा आकडा कितला?"

"तीनशेच्या वर थोडा. मशीनने दाखवला तोच."

"पण पाणी..."

"माणूस म्हणजे ऊस नाही रे रतिलाल. उसाला मुळांतून पाणी जातं, ते त्याच्यातच राहतं. तू प्यायलास ते लघवीवाटे निघून गेलं. उलट साखर वाढली, की शरीर ती बाहेर टाकायला पाणी मागतं. तू आकडा कमी करायला पाणी पीत होतास, पण तुझं शरीर कित्येक महिन्यांपासून तेच करत होतं."

त्याने ऐकून घेतलं, पण पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, हे मी इथे सांगून टाकते. आपली खरी साखर सहाशेच्या वर होती आणि पाण्यामुळे अर्धीच दिसली, असं तो आजही शपथेवर सांगतो. हेमकांतने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काकू, त्यांचा गैरसमज दूर करू का?" मी म्हटलं, "तू सांगत राहा. पण त्या गैरसमजानेच तो बसलाय, हेही लक्षात ठेव." तीनशेला तो घाबरला नसता. तीनशे म्हणजे काय, त्याला कुठे ठाऊक होतं? पाणी पाजलेल्या उसाचा आकडा मात्र त्याला वाचता येत होता.

"बूट काढ," मी म्हटलं.

"काबर?"

"हेमकांत काढायला सांगत होता."

"पायले काही व्हयेल नही, काकू. दुखत नही ना काही."

"काढ."

डावा बूट निघाला. उजवा काढताना मोजा तळव्याला चिकटला होता. मोहिनी भिंतीपलीकडून धावत आली होती, तिने खाली बसून मोजा हळूच सोलला. करंगळीखाली, तळव्याच्या कडेला, उसाच्या धसकटाचा बोटाच्या पेराएवढा टोकदार तुकडा बुटाचा तळ फोडून आत शिरलेला होता. भोवतीची कातडी पांढरी पडली होती, मधलं काळं होतं, आणि वास येत होता. तो तुकडा घेऊन हा माणूस किती दिवस शेतोशेत फिरत होता, कोण जाणे.

रतिलालने वाकून बघितलं. त्याने बोट लावलं, दाबलं. "दुखत नही," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, पण आता वेगळ्या आवाजात. "काकू, दुखत नही."

मोहिनीने तोंडात पदर धरला. तिच्या डोळ्यांसमोर कोणती खाट आली असेल ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या दवाखान्यात मीही गेले. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण त्यांनी पाय नीट बघितला. साखर आधी इन्सुलिनने खाली आणायची, मग जखम उघडून साफ करायची. करंगळीचं हाड सडलं होतं, ते वाचणार नव्हतं.

"अन् पाय?" रतिलालने विचारलं. तो पलंगाच्या कडेवर होता, उठायच्या बेतात.

"पाय वाचवायचा असेल तर तुम्हाला एक गोष्ट करावी लागेल. या पायावर उभं राहायचं नाही. जखम भरेपर्यंत अजिबात नाही. तसं झालं नाही आणि वर चढलं, तर मग मला तुम्हाला सुरतेला पाठवावं लागेल."

रतिलालने मोहिनीकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग स्वतःच्या पायाकडे.

"करंगळी गई ते चालता येई?"

"येईल."

"शेतम्हा?"

"आधी भरू तर द्या."

"काढी टाका मंग," तो म्हणाला. "पण सुरत नही."

करंगळी गेली, आणि खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. त्याला स्वतःच्या दारात बसायचं नव्हतं, कारण तिथे आबांची खाट होती. नव्हती, पण त्याच्यासाठी होतीच. म्हणून मोहिनीने माझ्या ओट्यावर गादी घातली, पायाखाली उशा दिल्या, आणि गावाला ऊसतोडीच्या तोंडावर रतिलाल स्लिपबॉय बसलेला बघायला मिळाला. तो माणूस बसून जेवढा दमला तेवढा फिरून कधी दमला नसेल. वर्तमानपत्र उघडायचा, मिटायचा. माझ्या कुंड्या मोजायचा. रस्त्याने बैलगाडी गेली, की चाकाला वंगण हवं म्हणून सांगायचा. मी आत काही लिहीत बसले, की हाक यायची, "काकू, काय करी ऱ्हायनात?" बाहेर आले, की म्हणायचा, "काही नही, सहज." एकदा मी बघते, तर तो ओट्याच्या कठड्याला धरून एका पायावर उभा होता.

"रतिलाल!"

"उभा नही काकू, लटकेल शे."

मोहिनीने त्याचा चष्मा, मोबाईल आणि गाडीची किल्ली माझ्याकडे ठेवायला दिली. त्याने मला चोर म्हटलं, मोहिनीला जेलर म्हटलं. ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी बघून म्हणाला, "हाई काय, बैलले घालानं माले घाली ऱ्हायनीस?" ती म्हणाली, "बैल तुम्हनापेक्षा गुणना शेतस. बसतस ते बसतस." दसऱ्याच्या सुमारास कारखान्याचा बॉयलर पेटला. त्याला धुराचा वास इथवर येतो असं वाटायचं. वारा उलट्या दिशेचा होता, हे मी त्याला सांगितलं नाही.

छगन एकदा येऊन गेला. हातात पिशवी होती, पिशवीत पेरू. त्याचा आकडा त्या दिवशी सीमेवर निघाला होता, म्हणून हेमकांतने त्याला रोज चालायला लावलं होतं.

"मी चाली ऱ्हायनू, तुम्ही बसी ऱ्हायनात," छगन म्हणाला. "दुनिया उलटी व्हई गई."

"मन्हा पाय बरा व्हऊ दे. तुन्हा ऊस मी सोतः मोजसू."

"आवंदा पाणी दियेल नही, आईनी आन!"

"दखसू," रतिलाल म्हणाला.

जखम भरायला डिसेंबर उजाडला. डॉक्टरांनी मऊ तळाचे खास बूट दिले आणि कारखान्याच्या साहेबांनी वजनकाट्यावरची खुर्ची देऊ केली. आता काय होणार याची मोहिनीला आणि मला सारखीच धास्ती होती. खुर्ची घेतली, तर तो मनाने खचेल. फिरतीवर गेला, तर तोडलेल्या उसाच्या धसकटांत तो पाय परत घालेल, आणि या वेळी एका बोटावर भागणार नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "काकू, किल्ली द्या." मी दिली. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी तो माझ्याच शेतावर आला. तापीच्या वरच्या अंगाला माझा थोडा ऊस आहे, बटाईने लावलेला. मी बटाईदाराबरोबर तिथेच होते. रतिलालने गाडी बांधाशी उभी केली, बूट बघितले, शेताकडे बघितलं. शेजारच्या पट्ट्यातला ऊस नुकताच तुटला होता आणि उसापर्यंतची वाट त्या धसकटांतून जात होती. तो बांधावर आला, कडेपर्यंत गेला. एक पाय उचलला. मोहिनीचं नाव घ्यावं, डॉक्टरांचं घ्यावं, की आबांचं, मला काही सुचेना.

पाय त्याने परत बांधावरच टेकवला.

"काकू, मी खाले उतरस नही," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, जसं काही मीच त्याला उतरायचा आग्रह केला होता. मग बटाईदाराला ओरडला, "ये भो, तीन ऊस काढी आन. तीन जागावरथून."

बटाईदार गेला आणि तीन कांड्या घेऊन आला. रतिलालने पहिली हातात घेतली, फिरवून बघितली, आणि वैतागून फेकली.

"हाऊ काठवरला शे. काठले ऊन लागस, गोड व्हईच. मझारला आन."

बटाईदार परत गेला. रतिलाल बांधावर इकडून तिकडे फेऱ्या घालू लागला. त्याला उसाच्या आत काय चाललं आहे ते दिसत नव्हतं. कोणत्या सरीतून काढला, मुळाशी ओल आहे का, पानं कशी आहेत, सगळं दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं आणि दुसऱ्याच्या शब्दावर मान डोलवायची. टाचा उंचावून तो आत बघत होता.

"कोणती सरी?"

"सातवी!" आतून आवाज आला.

"खोटं बोलू नको! पानं हाली ऱ्हायनात ती तिसरी शे! अजून मझार जाय! अन् येताना मुळजवळनं एक ढेकूळ लई ये!"

ढेकूळ आलं. त्याने ते चुरडलं, हुंगलं. मग उसाला भोक पाडलं, थेंब काचेवर घेतला, उन्हाकडे तोंड केलं, डोळा मिटला. मी वाट बघत होते. माझे पैसे त्या उसात अडकले होते आणि तोड लवकर मिळावी असं मलाही वाटत होतं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

"काकू," तो म्हणाला, "तुम्हना ऊस कच्चा शे. जानेवारीशिवाय तोड नही."

"रतिलाल, अरे मी तुझी..."

"नही म्हणजे नही. ये भो, अजून एक आन, या वक्तले दुसरा कोपराम्हाईन! अन् बूट घालीसन जाय रे मझार, उघडा पायम्हा काय फिरी ऱ्हायना?"